शिट्टी नसलेला कुकर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कुत्र्याला, खंड्याला, कुकरच्या शिट्टीची भीती आहे. नुसता दचकत नाही. पहिली शिट्टी झाली की दिवाणाखाली शिरतो, अंग थरथरतं, लाळ गळते आणि पुढचा तासभर तो बाहेर येत नाही. सकाळी डब्यांसाठी कुकर, रात्री पुन्हा कुकर, म्हणजे दिवसातून दोनदा त्याचे हे हाल. दीड वर्ष आम्ही कधी त्याला गच्चीवर नेऊन, कधी स्वयंपाकघराचं दार लावून भागवलं. शेवटी गेल्या जूनमध्ये सहा लिटरचा, हजार वॅटचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेतला. घेण्याचं कारण एवढंच.

आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. घरात आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. खंड्या गावठी आहे, पावसात गेटपाशी सापडलेला. नाव मुलानं ठेवलं. क्षेत्र माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. ती पाहून आल्यावर दुसरं नाव त्याला सुचलंच नाही.

पहिला अडथळा आला तो सासूबाईंकडून. त्यांचा सगळा स्वयंपाक शिट्ट्यांवर. भाताला दोन, तुरीच्या डाळीला चार, मटणाला मोजून सात. "आगं, शिट्टीच न्हाई तर शिजलं कसं कळायचं?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. या कुकरमध्ये आतला दाब ठरावीक पातळीला आला की हीटर आपोआप बंद-चालू होतो, म्हणून वाफ बाहेर टाकायची वेळ येत नाही. झाकणावरची छोटी पिन वर आली की मिनिटं मोजायला सुरुवात होते. म्हणजे मोजायचं असतंच, फक्त मिनिटांत. शिवाय आमच्या कुकरवर ७० किलोपास्कल लिहिलंय आणि गॅसवरच्या साध्या कुकरला साधारण १०० असतो. दाब कमी, म्हणून वेळ थोडा जास्त. पहिल्या आठवड्यात डाळ कच्ची राहिली ती यामुळेच. मी फ्रिजवर कागद चिकटवला: तूरडाळ १२ मिनिटं, मटण ३०, रात्रभर भिजवलेला वाघ्या घेवडा २५. आता सासूबाई तो कागद न बघता बटणं दाबतात.

घेवड्यासाठी तर हा कुकर मला फार आवडला. आमच्या जिल्ह्यातला, कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, अंगावर तपकिरी पट्टे असलेला. गॅसवर कधी टणक राहायचा, कधी फुटून लगदा व्हायचा. यात दाणा अख्खा राहतो आणि बोटानं दाबला की पिठासारखा होतो. भातालाही पाणी कमी लागतं, वाफ फारशी उडतच नाही ना. आमच्या इंद्रायणीला वाटीला दीड वाटी पुरतं. दोन घातलं की गिचका.

फोडणी मात्र यात करू नका. परतायचं बटण आहे, पण तेल हवं तसं तापत नाही, मोहरी तडतडण्याऐवजी काळी पडत बसते. मी आमटीची फोडणी गॅसवर लोखंडी कढल्यातच देते. आमच्या घरात हेच सोयीचं पडलं, कारण खंड्याचा वाटा फोडणीआधी काढायचा असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. हे आम्हाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं आणि आम्ही त्याला बिनधास्त आमटी-भात कालवून घालत होतो. अजून आठवलं की जिवाला लागतं.

आता सकाळी भांड्यात तळाशी डाळ-पाणी, वर जाळीवर दोन डबे. एकात आमचा भात, दुसऱ्यात खंड्याचं: ज्वारीच्या कण्या, बिनहाडाचं चिकन, लाल भोपळ्याच्या फोडी, मीठ नाही, मसाला नाही. पंधरा मिनिटांत सगळ्यांचं एकदम. मुलगा शाळेला जायच्या आधी स्वतः त्याचा डबा गार करून वाढतो. नुसत्या घरच्या अन्नावर कुत्र्याला कॅल्शियम पुरत नाही म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून रात्री कोरडं खाद्य देतो. सासूबाई पूर्वी मटणाची नळी प्रेमानं पुढं टाकायच्या, ते बंद केलं. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं आणि आतड्यात रुततं.

आता तक्रारी. झाकणातली रबरी रिंग वास धरून ठेवते. रविवारी मटण केलं आणि सोमवारी त्यातच तांदळाची खीर लावली, कोणी खाल्ली नाही. दुसरी रिंग हवीच, एक तिखटाची, एक गोडाची. ती साताऱ्यात दोन-तीन दुकानांत मिळाली नाही, मागवल्यावर अकरा दिवसांनी आली. तेव्हा कुकर घेतानाच जास्तीची घ्या.

दुसरं म्हणजे वीज. श्रावणात धो-धो पाऊस चालू असताना अर्ध्यात लाइट गेली की कुकर किती मिनिटं झाली ते विसरतो. लाइट आल्यावर अंदाजानं पुन्हा लावायचा. म्हणून जुना कुकर मी माळ्यावर टाकलेला नाही. बिलात म्हणावा असा फरक दिसला नाही. हजार वॅट सलग तासभर चालला तर एक युनिट होतं, आणि दाब आल्यावर हा सलग तापत नाही. गॅसची टाकी मात्र आठ-दहा दिवस जास्त जाते.

तिसरी गोष्ट कुत्रा असणाऱ्यांसाठी. वाफ हातानं सोडली तर मोठा फुस्स आवाज येतो आणि खंड्या त्यालाही घाबरला. मी वाफ आपोआप जिरू देते, वीसेक मिनिटं जातात. घाईच्या सकाळी ही वीस मिनिटं जड जातात हे खरं, पण मी दहा मिनिटं लवकर उठते.

दिवाणाखाली जाणं थांबलं. शिजून झाल्यावर कुकर बारीक टीं-टीं करतो, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो. पण शेजारच्या घरातल्या शिट्टीला अजून कान पाडतो आणि लाइट गेल्यावर आमचाही जुना कुकर लागतोच. म्हणून डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे फोनवर शिट्टीचा आवाज अगदी हळू लावायचा आणि त्याच वेळी चिकनचा तुकडा द्यायचा, असं चालू केलंय. हा तिसरा आठवडा. फोनचा आवाज तीनवर असताना तो तुकडा खातो. चारवर गेलो की उठून मुलाच्या पायाशी जातो, तुकडा तिथंच पडून राहतो. मग आम्ही दोन दिवस पुन्हा तीनवर थांबतो.