रॉ फाइल मागणारा ‘प्रकाशक’ : वन्यजीव छायाचित्रकारांनी वाचावं असं

‘विदर्भातल्या जंगलांवर मोठं कॉफी टेबल बुक काढतोय, तुमचे फोटो हवेत, मानधन देऊ, नावही छापू’ असा फोन नागपूर, चंद्रपूर, गोंदियाकडच्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना येतोय. मलाही आला होता. त्या माणसाने माझे निवडक फोटो नेले आणि दुसऱ्याच्या नावाने विकले. प्रकरण पोलिसांत आहे, म्हणून त्याचं किंवा त्याच्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण लिहितो. नाव तो उद्या बदलेल, बोलणं बदलणार नाही.

असा फोन आपल्याला गोड का वाटतो, ते आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एखाद्या फ्रेमसाठी तासभर थांबायचं तर सहा पर्यटकांच्या जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) चालत नाही, पूर्ण जिप्सी स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते. वर गाईड, प्रवेश शुल्क आणि कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद. उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्राणी चांगले दिसतात, पण तेव्हा 45 अंशांत तापलेल्या जिप्सीत लेन्स ओल्या टॉवेलखाली झाकून बसायचं. फोटो विकून हा खर्च क्वचितच निघतो. आमच्यातले बहुतेक जण हिवाळ्यात लग्नांचे फोटो काढतात आणि त्या पैशावर जंगल करतात. अशा वेळी कोणी ‘40 फोटो, प्रत्येकी तीन हजार’ म्हणालं की माणूस ऐकून घेतो.

भेट नागपुरात धरमपेठेतल्या एका कॅफेत झाली. माणूस मराठी, बोलायला अदबशीर, जंगलाची माहिती असलेला. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी आणि खुर्सापार गेटमधला फरक त्याला ठाऊक होता. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यातला ‘जय’ वाघ 2016 मध्ये दिसेनासा झाला, त्याबद्दल तो इतक्या कळकळीने बोलला की हा आपलाच माणूस आहे असं वाटावं. पिशवीत एक सुबक छापलेलं नमुना पुस्तक होतं. आतले फोटो कुणाचे, हे त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ‘डमी आहे, श्रेयनामावली शेवटी लागेल,’ असं उत्तर आलं.

दुसऱ्याच दिवशी दहा हजार रुपये खात्यात आले, न मागता. ही त्याची सगळ्यात हुशार चाल. फसवणारा पैसे मागतो असं आपण धरून चालतो, त्यामुळे देणाऱ्यावर संशय येतच नाही. पाठोपाठ एक छापील पावती आली, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करायची. तिच्यावर ‘छायाचित्रांचा मोबदला मिळाला’ एवढंच होतं. ‘आगाऊ रक्कम’ हे शब्द नव्हते, फोटो किती आणि कोणते याचाही उल्लेख नव्हता.

त्यानंतर रॉ फाइलींची, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलींची मागणी आली. कारण दिलं, ‘निवड समितीला फोटो एआयने बनवलेले नाहीत याची खात्री करायची आहे.’ हे कारण खोटं वाटत नाही, कारण मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही अंतिम फेरीतल्या फोटोंच्या रॉ फाइली तपासायला मागवतात. त्या रीतीचाच त्याने फायदा घेतला. पण स्पर्धा निवड झाल्यावर मागते, तेही मोजक्या फोटोंसाठी आणि लेखी नियम दाखवून. हा सगळ्याच फोटोंच्या फाइली मागत होता, निवडीच्या आधीच. रॉ फाइल ही आपली निगेटिव्ह आहे. सेन्सरने टिपलेलं सगळं तिच्यात असतं, न कापलेल्या कडांसकट. वाद झाला की ‘मूळ फाइल दाखवा’ हाच पहिला प्रश्न येतो आणि ती दोघांकडेही असली तर दोघेही मालक असल्यासारखे बोलू शकतात.

फाइली गेल्या. पुस्तकाची तारीख पुढे सरकत राहिली. मग पेंचकडच्या एका ओळखीच्या गाईडचा फोन आला. ‘भाऊ, तुमची वाघीण इथं रिसॉर्टच्या लॉबीत लावली आहे ना, पण खाली नाव तं दुसऱ्याचंच आहे.’ मी गेलो. भिंतभर कॅनव्हास, पाणवठ्यातून उठणारी तीच वाघीण, कोपऱ्यात अनोळखी सही. नागझिऱ्यातली रानकुत्र्यांची टोळीही शेजारीच टांगलेली. रिसॉर्टवाल्यांनी रीतसर बिल देऊन ते प्रिंट घेतले होते, त्यांचा दोष नव्हता. घरी येऊन माझे फोटो एकेक करून उलट प्रतिमाशोधात (फोटो टाकून तो इंटरनेटवर कुठे आहे ते शोधतात त्यात) टाकले, तेव्हा त्यातले काही तयार फोटो विकणाऱ्या एका विदेशी स्टॉक संकेतस्थळावरही विक्रीला लागलेले दिसले.

फोन केल्यावर त्याची भाषा एकदम बदलली. आधी म्हणाला, मोबदल्याची पावती तुमच्याच सहीची आहे. मग म्हणाला, ‘तुम्ही पर्यटकाच्या तिकिटावर आत गेलात आणि फोटो विकलेत. वनविभागाला कळवलं तर एकाही गेटवर तुम्हाला घेणार नाहीत.’ आपल्यासारख्याची बोलती बंद करायला एवढं वाक्य पुरतं आणि माझी खात्री आहे, बरेच जण इथेच गप्प बसले असतील. गप्प बसू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 28 मध्ये अभयारण्यातल्या छायाचित्रणासाठी परवान्याची तरतूद आहे, आणि परवानगीचे नियम आपण पाळलेच पाहिजेत. पण तो विषय वनविभाग आणि छायाचित्रकार यांच्यातला. त्यावरून फोटोची मालकी तिसऱ्याच माणसाकडे जात नाही. मी वनविभागातल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. धमकीचा जोर तिथेच संपला.

पुढचं सगळं वकील मॅडमनी समजावलं, आणि हे प्रत्येकाने डोक्यात ठेवावं. कॉपीराइट अधिनियम 1957 नुसार फोटो काढणारा हाच त्याचा पहिला मालक, नोंदणी केलेली असो वा नसो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीचा करार लागतो. त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे सांगावं लागतं. नुसत्या पैसे मिळाल्याच्या पावतीने हक्क जात नाहीत. आणि हक्क विकले तरी फोटो आपण काढला असं सांगण्याचा अधिकार कलम 57 आपल्याकडेच ठेवतं.

एक खाचखळगा मात्र खरा आहे. कोणाच्या सांगण्यावरून, त्याच्याकडून मोबदला ठरवून फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास कलम 17 प्रमाणे मालकी पैसे देणाऱ्याची होऊ शकते. तो हाच दावा करत होता, की फोटो त्यानेच सांगून काढून घेतले. माझे फोटो त्याच्या पहिल्या फोनच्या कितीतरी आधीचे होते, म्हणून तो दावा टिकला नाही. आगाऊ रक्कम घेऊन नव्याने शूट करायला निघणाऱ्यांनी आधी मालकी कागदावर लिहून घ्यावी, मगच गेट गाठावं.

रॉ फाइल त्याच्याकडेही असताना फोटो माझे हे सिद्ध कशाने झालं? त्या वाघिणीच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमनी. ती पाण्यात बसलेली, कान मागे गेलेले, उठतानाचा धूसर फ्रेम, मग तो चांगला फोटो, मग झाडीत शिरणारी शेपटी. बर्स्टमधला (एका दमात सलग काढलेल्या फोटोंमधला) एकेक क्रमांक सलग माझ्याकडे होता, त्याच्याकडे फक्त मधला एक. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे सगळ्या फ्रेममधली वाघीण एकच हेही दाखवता आलं. फाइलच्या एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फाइलीत आपोआप नोंदवतो त्या माहितीत, कॅमेऱ्याच्या बॉडीचा क्रमांक होता, तोच माझ्या खरेदीच्या बिलावर. सफारीच्या परवान्यावर तारीख, गेट आणि माझं नाव. त्या सकाळच्या गाईडनेही लिहून दिलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

नोटीस गेल्यावर रिसॉर्टने कॅनव्हास उतरवले. स्टॉक संकेतस्थळाने काही फोटो काढले, काहींवर अजून पत्रव्यवहार चालू आहे. भरपाईचा एक रुपयाही मिळालेला नाही आणि त्या माणसाचा फोन बंद आहे. कॉपीराइटभंगाला कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे, पण आधी माणूस सापडायला हवा.

तक्रार दिल्यावर कळलं ते जास्त वाईट होतं. माझ्याकडून त्याने फोटो नेले, नव्या मुलांकडून पैसे. ‘पुस्तकात चार पानं देतो, छपाईची सुरक्षा ठेव 15 हजार भरा,’ असं सांगून त्याने यूपीआयवर रक्कम घेतली. त्यातल्या एकाने पहिली सेकंडहँड टेलिलेन्स घ्यायला साठवलेले पैसे दिले होते. त्या पोराचा चेहरा पाहूनच हे लिहायला बसलो. छापणारा छायाचित्रकाराला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडकण्याची शक्यता जास्त.

मी आता बाहेर फक्त लहान आकाराची, चारही कडा थोड्या कापलेली जेपेग पाठवतो. रॉ बघायचीच असेल तर माझ्या लॅपटॉपवर, माझ्यासमोर. पावतीवर फोटोचे क्रमांक आणि ‘एका आवृत्तीपुरती छापण्याची परवानगी’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून मगच सही करतो.

ज्यांनी या किंवा अशाच माणसाला फाइली दिल्या आहेत, त्यांनी त्या सफारीचं मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्क आजच बाजूला काढून ठेवावी. जागा कमी पडते म्हणून आपण धूसर फ्रेम उडवतो, त्या उडवू नका. त्याच्याशी झालेलं बोलणं, पावतीचा फोटो, पैसे आले ते खातं, काहीही पुसू नका. सायबर पोलिसांकडे तक्रार देताना पूर्ण साखळी लागते, आणि तुमच्या तक्रारीतलं एखादं खातं किंवा नंबर माझ्या तक्रारीतल्याशी जुळला तर तपास पुढे सरकेल.