गेज न लावता उघडलेला पंप

खानापूर तालुक्यात माझी एक पोकलेन भाड्याने चालते. टाटा हिताचीची वीस टनी ईएक्स 200, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिचे तासांचे मीटर केव्हाच बंद पडल्यामुळे खरे वय कोणालाच ठाऊक नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये नंदगडच्या बाजूला शेततळे खोदत असताना तिच्यात जो दोष उद्भवला आणि त्यापायी मी जसा लुबाडला गेलो, ते जुन्या मशीन बाळगणाऱ्या आपल्या भागातील इतरांना कळावे म्हणून लिहीत आहे.

सकाळी मशीन उत्तम चाले; परंतु दोन-अडीच तासांनी हालचालींना जोर देणारे हायड्रॉलिक तेल तापले की बूम, आर्म, बकेट, स्विंग (वरचा भाग फिरणे) आणि दोन्ही चेन अशा साऱ्याच हालचाली मंदावत. लिव्हर शेवटपर्यंत ओढला तरी इंजिनावर भार येत नसे. आमच्या ऑपरेटरने आणखी एक गोष्ट सांगितली होती, जिचे महत्त्व मला तेव्हा उमगले नाही. तो म्हणाला, "सावकार, मशीन हळू चालते, पण सरळ चालते."

ओळखीतून हायवेवरच्या एका गावातील मेस्त्री आला. त्याने पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांड्याला कान लावला, मान हलवली आणि "मेन पंप गेला", म्हणजे या तेलाला दाब देणारा मुख्य पंप, असे सांगून टाकले. त्याच्या पेटीत तेलाचा दाब मोजणारा प्रेशर गेज नव्हता आणि मीही तो मागितला नाही. हंगाम हातचा जाईल या धास्तीने मी 1 लाख रुपये आगाऊ दिले. पंप टेम्पोतून गेला आणि अकरा दिवसांनी नवा रंग लावून परत आला. एकूण 2 लाख 35 हजार रुपये झाले. पक्के बिल नको म्हटल्यास 18 टक्के जीएसटी वाचेल, हा त्याचाच सल्ला. त्यामुळे माझ्या हाती आली ती केवळ "पंप रिपेर" एवढे दोन शब्द आणि रक्कम लिहिलेली कन्नड चिठ्ठी. मला कन्नड उत्तम वाचता येते, पण वाचण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

पंप बसवल्यावर मशीन खरोखरच चांगली चालली, आणि खरी फसवणूक इथेच होती. चाचणी त्याने भल्या सकाळी, थंड तेलावर घेतली आणि तेलही पूर्ण बदलले. रिकामा बॅरल आमच्या शेडमध्येच पडून होता. त्यावरचा आकडा मी पंधरवड्याने पाहिला. आम्ही वापरत असलेल्या 46 ऐवजी त्याने 68 ग्रेडचे तेल भरले होते. दाट तेल बारीक फटीतून कमी निसटते, त्यामुळे आतली गळती काही काळ झाकली जाते. उन्हाचा कडाका वाढताच पाचव्या दिवशी तोच दोष पुन्हा दिसू लागला. फोन केल्यावर उत्तर आले की आता कंट्रोल व्हॉल्व्ह (तेल वेगवेगळ्या हालचालींकडे वळवणारा भाग) काढावा लागेल, 90 हजार तयार ठेवा.

तेव्हा मात्र मी बेळगावला उद्यमबागेत काम करणाऱ्या एका वयस्कर फिटरला घेऊन आलो. त्यांनी आधी ऑपरेटरला विचारले आणि "सरळ चालते" हे ऐकताच ते थांबले. या मशीनमध्ये मुख्य पंप दोन असतात आणि दोन चेनना तेल वेगवेगळ्या पंपांकडून मिळते. त्यांपैकी एक झिजला तर मशीन एका बाजूला ओढते. दोन्ही चेन सारख्याच मंदावल्या असतील, तर आधी दोघांना सामाईक असलेली पायलट लाइन पाहावी, असे त्यांचे म्हणणे. लिव्हर ओढल्यावर पायलट लाइनचे तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधील स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारे दांडे, सरकवते. तो दाब कमी पडला तर मुख्य दाब चौरस सेंटिमीटरला 350 किलो असूनही स्पूल अर्धेच उघडतात.

गेज लावला. थंड असताना काटा 38 किलोवर होता. दोन तास काम केल्यावर लिव्हर ओढताच तो 17 वर घसरला. पायलट फिल्टर काळपट चिखलाने भरलेला निघाला आणि जादा दाब सोडून देणाऱ्या पायलट रिलीफ व्हॉल्व्हच्या बसकीवर मोहरीहून लहान अशी धातूची कपची अडकली होती. साफसफाई, नवा फिल्टर, ओ-रिंग आणि मजुरी मिळून 4,200 रुपये लागले.

माझ्या आग्रहावरून त्यांनी मुख्य पंपही उघडला. नवे होते ते फक्त सील किट. व्हॉल्व्ह प्लेटवर नखाला लागतील असे चरे होते आणि पिस्टनचे शू सैल झालेले होते, जरी पिस्टन, ब्लॉक आणि प्लेट नवे टाकल्याचे मला तोंडी सांगण्यात आले होते. हे भाग माझेच जुने की दुसऱ्या कोणाच्या मशीनमधून काढलेले, हे आता ठरवता येत नाही. कारण पंप देण्यापूर्वी ना मी भागांवर पंचखूण केली, ना मुख्य दाब नोंदवला, ना केस ड्रेनच्या, म्हणजे पंपाच्या आत गळालेले तेल टाकीत परत नेणाऱ्या, पाइपातून मिनिटाला किती तेल येते ते मोजले. झीज सांगणारा तो आकडा हाती असता, तर निदान त्याच्यासमोर बसून बोलता आले असते.

आता हे सर्व आकडे, थंड आणि गरम दोन्ही वेळचे, केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला पेंटने लिहिलेले आहेत. पंपाचे काढलेले भाग मागायला मी दोनदा त्या मेस्त्रीकडे गेलो. पहिल्या वेळी ते भंगारात गेले होते. दुसऱ्या वेळी मेस्त्रीच गावाला गेला होता.