चौदा दिवस कॉलर लावून: शुगरच्या सेन्सरचा माझा अनुभव

दंडावर चिकटवायचा, दिवसरात्र शुगर मोजत राहणारा सेन्सर, ज्याला सीजीएम म्हणतात तो, चौदा दिवस वापरून परवाच काढला, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहितेय. मी 52 वर्षांची, राहायला ठाण्यात वर्तकनगरला, आठ वर्षं डायबेटिस, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. नौपाड्यातल्या एका मेडिकलमधून ऑर्डर देऊन मागवला, पाच हजारांच्या आतबाहेर पडला.

लावला माझ्या मुलीने. तिला जंगलाचं भयंकर वेड, बुद्ध पौर्णिमेला येऊरच्या जंगलात पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी रात्रभर मचाणावर बसून आलेली मुलगी ती. दंडाच्या मागच्या बाजूला ॲप्लिकेटर दाबला, टक्क आवाज झाला, मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही, आणि ही म्हणते, "आई, कॉलरिंग झालं, आता तुला जंगलात सोडलं!" म्हणजे माग ठेवायला प्राण्याच्या गळ्यात पट्टा घालून सोडतात, तसं. आणि खरंच वही काढून लिहायला बसली. प्रौढ मादी, वय 52, अधिवास वर्तकनगर तिसरा मजला, मुख्य वावर किचन ते गॅलरी. मग काय, चौदा दिवस घरात हेच, मी चहा टाकायला उठले की आतून आवाज, "मादी पाणवठ्याकडे निघाली." हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची, पण त्या हसण्यामुळेच मी प्रत्येक घास खरा सांगत गेले, नाहीतर शुगरच्या पेशंटला घरात सारखं काय खाल्लंस, किती खाल्लंस विचारतात ना, त्याने माणूस लपवायलाच शिकतो.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या संजय गांधी नॅशनल पार्कात सावित्री नावाच्या मादी बिबट्याला जीपीएस कॉलर लावली होती, वनविभाग आणि डब्ल्यूसीएस इंडिया या वन्यजीव संस्थेचा तो अभ्यास. मुलीने मला समजावलं की कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, बिबट्याचा एक क्षण मिळतो, ठिपक्यांवरून कोण आहे तेही ओळखता येतं, पण तो आला कुठून आणि रात्रभर फिरला कुठे हे कॉलरशिवाय नीट कळत नाही. माझंही अगदी तसंच होतं की! आठ वर्षं मी फास्टिंग आणि पीपी, म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर तपासतेय, म्हणजे दोन फोटो, आणि एचबीएवनसी ही रक्ततपासणी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. मधल्या वेळात काय चाललंय ते मला या सेन्सरने पहिल्यांदा दाखवलं.

सगळ्यात मोठा शोध पहाटेचा. फास्टिंग जास्त आलं की आमच्याकडे म्हणायचे, तू रात्री उठून काहीतरी खातेस. मी आठ वर्षं सांगतेय नाही खात, कोण ऐकतंय? आसपास कुत्रं दिसेनासं झालं की बिबट्यानेच नेलं म्हणतात तशी गत. सेन्सरवर दिसलं, तीन वाजता 112, सहा वाजता 148, आणि मी गाढ झोपेत. डॉक्टर म्हणाले पहाटे हार्मोन्समुळे लिव्हर स्वतःच साखर सोडतं, डायबेटिसमध्ये ती आवरत नाही म्हणून आकडा चढतो. वहीत नोंद झाली, "पहाटे शिकार नाही, मादी निर्दोष." ते पान मी यांना दोनदा वाचून दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगते.

खाण्याचंही कळलं. नुसते पोहे आणि चहा घेतला तर 196, तेवढेच पोहे आधी वाटीभर मटकीची उसळ खाऊन मग घेतले तर 160 च्या आत. जेवणानंतर उपवन तलावाला वीस मिनिटं चालून आले की आलेख हळूहळू खाली येताना फोनवर दिसायचा, मला 70 ते 180 मध्ये राहायचं होतं आणि शेवटच्या आठवड्यात बहुतेक वेळ राहिले.

त्रास दोन झाले. सेन्सर लावलेल्या हाताच्या कुशीवर झोपलं की सेन्सर दबतो आणि खोटा लो दाखवतो, रात्री दोनला 58 चा अलार्म वाजला, सगळं घर जागं, बोटाला टोचून पाहिलं तर 104! तेव्हा अलार्म आला की आधी बोट टोचून बघा. आणि हा रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो त्यामुळे आकडा थोडा मागून येतो, दहा-पंधरा मिनिटं धरून चाला. दुसरं म्हणजे आपल्याकडचा घाम, नवव्या दिवशी कडा सुटायला लागली, वरून मेडिकल टेप लावली तेव्हा टिकला. गोळीचा डोस मात्र आकडे बघून स्वतःच्या मनाने बदलू नका, सगळे आलेख मी डॉक्टरांपुढे ठेवले, त्यांनीच एक गोळी सकाळची रात्री केली.

दर महिन्याला परवडणारा नाही, पण वर्षातून दोनदा तरी मी लावणारच. पुढचा दिवाळीच्या आठवड्यात, फराळासकट. मुलीने वही आत्ताच आखून ठेवलीय, चकलीला वेगळा रकाना आहे.