बाटली की वाटी-चमचा? दात येऊ लागल्यावर पडणारा प्रश्न

आमच्या थोरल्या मुलीला चौथ्या महिन्यापासून पावडरचे दूध बाटलीने दिले. धाकट्याला अंगावर पाजले आणि सहा महिन्यांनंतर पत्नी पुन्हा कामावर रुजू झाल्यावर तिचे काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने दिले. आईचे दूध श्रेष्ठ, हे येथे गृहीत धरतो. आई जवळ नसताना ते दूध बाळाला कशाने पाजावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

पाजण्याच्या पद्धतीमुळे दात लवकर किंवा उशिरा येतात, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. दुधाचे दात घट्ट होण्याची सुरुवात गर्भात असतानाच होते आणि ते हिरडीबाहेर केव्हा येणार हे बहुतांशी आनुवंशिकतेवर ठरते. आमच्या दोघांनाही खालचा पहिला दात नवव्या महिन्यात आला, काही दिवसांचाच काय तो फरक. दोन मुलांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. पण दातांच्या वेळेसाठी पद्धत निवडू नये, असे मला वाटते.

वाढीबाबत मात्र आम्ही विनाकारण धास्तावलो होतो. मुलीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहता मुलाचे वजन चौथ्या महिन्यानंतर मागे पडल्यासारखे दिसत होते. अंगावर पिणाऱ्या बाळांचे वजन पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर पावडरचे दूध घेणाऱ्यांपेक्षा काहीसे सावकाश वाढते आणि ते स्वाभाविक असते, हे नंतर कळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे तक्ते भारतासह सहा देशांतील स्तनपान करणाऱ्या बाळांवरून बेतलेले आहेत. त्या तक्त्यावर मुलगा आपल्या रेषेला धरूनच चालला होता. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न, विशेषतः लोहयुक्त अन्न, वेळेवर सुरू होणे हे भांड्याच्या निवडीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

माझा कौल ज्या गोष्टीने ठरला ती म्हणजे बाटलीचे बूच. दोन दात येताच मुलीने ते चोखण्याऐवजी चावायला सुरुवात केली. हिरड्या शिवशिवत असताना तोंडात मऊ रबर आले की बाळ दुसरे काय करणार? एका रात्री दूध पिताना तिला जोराचा ठसका लागला. दिव्याखाली बूच धरून पाहिले, तर भोकाच्या कडेला चीर जाऊन ते जवळजवळ दुप्पट झाले होते आणि दूध थेंबांऐवजी धारेने येत होते. त्यानंतर प्रत्येक वेळी बूच ताणून, उजेडात फिरवून तपासल्याशिवाय बाटली भरायची नाही, असा नियम केला. तो नियम पहाटे तीन वाजता, रडते बाळ कडेवर असताना पाळणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने केले त्यालाच कळेल. बुचे बदलत राहिलो, पण कटकट सुटली नाही.

दुसरा मुद्दा झोपेचा. बाटली तोंडात ठेवून बाळ झोपले की लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. खालचे दात जिभेमुळे बरेचसे झाकले जातात, म्हणून कीड बहुधा वरच्या दातांना आधी लागते. झोपलेल्या बाळाला वाटीने पाजताच येत नाही, त्यामुळे ती सवय लागण्याचा प्रश्न उरत नाही.

वाटी-चमच्याचे तोटे नाहीत असे नाही. दूध सांडते, आणि कष्टाने काढून ठेवलेले दूध सांडले की जीव हळहळतो. नेमके किती पोटात गेले याचा अंदाज सुरुवातीला येत नाही आणि एका वेळेला सहज अर्धा तास जातो. पाजणाऱ्याला घाई असेल तर हे जमणार नाही. ज्या घरात मदतीला दुसरे कोणी नाही तिथे बाटलीच सोयीची ठरेल, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काहीही नाही. तरीही तळापर्यंत स्वच्छ दिसणारी, घासायला सोपी वाटी मला अधिक विश्वासाची वाटते.

करून पाहायचे असल्यास बाळाला मांडीवर ताठ बसवावे, चमचा खालच्या ओठाला टेकवावा आणि बाळ स्वतः दूध ओढून घेईपर्यंत थांबावे. ते तोंडात ओतू नये. आमच्या मुलाला चार दिवस लागले. बाटली आधीच सुरू असेल, तर सर्वप्रथम झोपतानाची बंद करावी आणि वर्षाचे झाल्यावर दिवसाची हळूहळू सोडवावी. मुलीच्या वेळी आम्ही हे उलट्या क्रमाने केले आणि रात्रीची बाटली सुटायला दुसरा वाढदिवस उजाडला.