गणितातली मास्टर्स: तासिकांची की संशोधनाची?
तासिकांच्या अभ्यासक्रमात बीजगणित, अ‍ॅनालिसिस, टोपोलॉजी (आकार ताणला-वाकवला तरी न बदलणाऱ्या गुणांचा अभ्यास) असे विषय ओळीने होतात. पाया रुंद होतो, आणि परीक्षेतल्या प्रत्येक गणिताला उत्तर आहे हे आधीच ठाऊक असतं. संशोधनाच्या मास्टर्समध्ये ही हमीच नसते. महिनाभर एका लेमाशी, म्हणजे मोठ्या प्रमेयाकडे नेणाऱ्या छोट्या विधानाशी, झटापट करावी आणि एखाद्या चिमुकल्या प्रतिउदाहरणाने सगळं पाडावं! शोधनिबंधाचं एक पान वाचून समजायला आठवडा लागला तरी त्यात कमीपणा नाही. इथे विषयापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, असं माझं मत. नियमित वेळ देणारा भेटला तर अर्धी लढाई जिंकली. प्रबंधात नवं प्रमेय हवंच असंही नाही, जुन्या निकालांची नीट मांडणी बऱ्याच ठिकाणी चालते. पीएचडी डोक्यात असेल तर संशोधनच. टोपोलॉजी अजून कच्ची असेल तर मात्र आधी तासिकाच बऱ्या.