पाऊण इंच: पॉप-टॉप कॅम्पर आणि सात फुटी गराज, नऊ महिन्यांनंतर

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला ‘कट्‌’ असा आवाज आला. फार मोठा नाही, पापड मोडल्यासारखा. व्हॅन अर्धी गराजमध्ये, अर्धी बाहेर, बायको आणि दोन्ही मुलं खाली उतरून हातवारे करताहेत, आणि छतावरच्या सोलर पॅनेलची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकलेली. हा अनुभव सहा महिन्यांपूर्वीच लिहायचा होता. तेव्हा लिहिला असता तर सगळं खापर कन्व्हर्टरवर, म्हणजे साध्या व्हॅनची कॅम्पर करून देणाऱ्यावर, फोडलं असतं. आता थोडं माझ्याही डोक्यावर फोडावं लागणार आहे.

व्हॅनचं मॉडेल आणि कन्व्हर्टरचं नाव लिहीत नाही, कारण आमची ईमेल-लढाई अजून चालू आहे. मध्यम आकाराची व्हॅन, वर उचलता येणारं छत (हेच पॉप-टॉप), खाली दोन आणि वर दोन झोपायची सोय, वीस गॅलनची पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. हे सगळं ज्यांना घ्यायचंय त्यांनी आधीच पाठ केलेलं असतं. मी फक्त उंचीवर लिहिणार आहे. घरचे म्हणतात की मी हल्ली फक्त उंचीवरच बोलतो.

आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. एचओएचा, म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीचा, नियम असा की कॅम्पर ड्राइव्हवेत अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त दिसता कामा नये. स्टोरेज यार्ड चौदा मैलांवर, महिना १६० डॉलर. वर्षाचे १,९२० डॉलर एका गाडीला उन्हापावसात उभं करायला देणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून पॉप-टॉप. उभं राहता येईल अशी पूर्ण उंचीची व्हॅन नऊ फुटांच्या आसपास जाते, ती आमच्या गराजकडे बघूसुद्धा शकत नाही. युरोपात फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया ही पॉप-टॉप कॅम्पर दोन मीटरच्या जरा आतच ठेवलीय, म्हणजे तिथल्या दोन मीटरच्या पार्किंगमध्ये काठाकाठाने का होईना, जाते. (नाव कॅलिफोर्निया, आणि अमेरिकेत विकत नाहीत. असो.) तसंच काहीतरी आपल्याला मिळेल असं वाटलं होतं.

ब्रोशरमध्ये उंची ७९ इंच. गराजचं दार सात फुटी, म्हणजे ८४. पाच इंच मोकळे! मी एक्सेल शीटमध्ये हा आकडा हिरवा करून ठेवला होता.

सप्टेंबरात गाडी आली. थोरल्याला खराटा घेऊन पुढे उभं केलं. गणपतीच्या मिरवणुकीत मूर्तीच्या पुढे बांबूने वायरी उचलणारा पोरगा असतो ना, अगदी तसा. पुढची चाकं आत गेली, आणि तो ओरडला, “बाबा थांबा, लागतंय!” मला वाटलं चेष्टा करतोय. उतरून शिडी लावली. छताच्या मधोमध बसवलेलं सोलर पॅनेल आणि दाराची खालची कड, मध्ये कागद जाणार नाही.

टेप घेतली. गाडी ८१.५ इंच. म्हणजे ७९ ही उंची छताची होती, त्यावर ब्रॅकेट आणि पॅनेल मिळून अडीच इंच कुणी धरलेच नव्हते. कन्व्हर्टरचं उत्तर आलं की ब्रोशरमधली उंची ‘ॲक्सेसरीजशिवाय’ असते. अहो, पॅनेल तुमच्याच पॅकेजमध्ये होतं, वेगळं मागितलं नव्हतं! एकोणीस ईमेल झाल्या. भाषा पहिल्या चार ईमेलपर्यंत सभ्य होती.

पण ८१.५ असली तरी ८४ मधून अडीच इंच उरायला हवे होते. ते कुठे गेले? हा प्रश्न मला चार दिवस सुचलाच नाही, कारण मी भांडण्यात गुंतलो होतो. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक म्हणजे दार. सात फूट हे चौकटीचं माप. दार उघडलं की ते पूर्ण वर जातंच असं नाही. आमच्या दाराची खालची कड, तिचं रबर धरून, चौकटीच्या पावणेदोन इंच खाली लोंबत होती. म्हणजे ८२.२५. गराज-दारवाल्याला बोलावलं, त्याने भेटीचे ९५ डॉलर घेतले, वर बघितलं, आणि सांगितलं की लिंटेल (दारावरची आडवी तुळई) तोडून आठ फुटी दार बसवा. वर आमची बेडरूम आहे. म्हणजे इंजिनिअर, परवानगी, एचओए, आणि त्याने लिहून दिलेला आकडा बघून मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग एका रात्री मीच ओपनरचं, म्हणजे दार वर-खाली करणाऱ्या मोटरचं, जुनं मॅन्युअल वाचलं. मोटरच्या बाजूला दोन स्क्रू असतात, एक दार किती वर जावं याचा, एक किती खाली यावं याचा. वरचा पाऊण फेरी फिरवला. दीड इंच मिळाला. फुकट! ९५ डॉलर घेणाऱ्या माणसाने तो स्क्रू बघितलासुद्धा नव्हता. (स्प्रिंगला मात्र हात लावू नका. दाराच्या वरच्या त्या जाड स्प्रिंगमध्ये एवढा ताण असतो की हात जाऊ शकतो. ते काम माणसालाच द्या, माझ्यावाल्याला नको.)

दुसरं म्हणजे उतार. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडून गराजकडे उतरतो, दारासमोर पाणी अडवायला जाळीची गटार आहे. चार फुटी लेव्हल (सपाटी बघायची पट्टी) ठेवली तर दोन इंचांचा उतार भरतो. पुढची चाकं आतल्या सपाट फरशीवर, मागची अजून चढावर, अशा वेळी गाडी उंबरठ्यावर पुलासारखी टेकलेली असते. उंबरठ्यावर तिचं पोट जमिनीपासून उचललेलं, आणि तितकंच छत वर. आमच्या व्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १२६ इंच. त्याचा चौथा भाग घ्या, उताराच्या प्रमाणाने गुणा, सव्वा इंचाच्या वर येतं. म्हणजे सपाट जमिनीवर ८१.५ असलेली गाडी आमच्या दारात पावणेत्र्याऐंशीची होते, आणि नेमकी मधोमध, जिथे त्यांनी पॅनेल लावलंय. ज्यांचा ड्राइव्हवे उलटा, गराजकडे चढणारा आहे, त्यांना हेच गणित फायद्याचं पडतं, त्यांची गाडी उंबरठ्यावर बसकी होते. नशीब लागतं.

तर स्क्रू फिरवल्यावर उरला एक इंचाला थोडा कमी. मधलं बोट आडवं जाईल इतका. ऑक्टोबरात व्हॅन पहिल्यांदा आत गेली तेव्हा बायकोने खरोखर पेढे आणले.

इथून पुढचे पाच महिने मी या गाडीच्या प्रेमात होतो, हेही लिहिलं पाहिजे. थंडीत उणे तापमानातही गराज गोठत नाही, कारण घराला चिकटून आहे. तरी मी नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवलं, उगाच विषाची परीक्षा कशाला. बॅटरी घरच्या सॉकेटवर कायम पूर्ण. शुक्रवारी ऑफिसमधून आलो, जेवण टपरवेअरमध्ये भरलं, वीस मिनिटांत बाहेर. यार्डात ठेवली असती तर निम्म्या सहली झाल्या नसत्या. शेनान्डोआच्या डोंगरातल्या मेरीज रॉक बोगद्याची उंची बारा फूट आठ इंच लिहिलेली वाचून मी एवढा खूश झालो की मुलांनी व्हिडिओ काढला.

गॅसची शेगडी वापरत असाल तर एक सांगतो. एक पौंडाच्या हिरव्या बाटल्या गाडीत ठेवून गाडी गराजमध्ये लावू नका. आमच्याकडे त्याच गराजमध्ये पाणी तापवायचा गॅस हीटर आहे. बाटल्या बाहेर, मागच्या अंगणात.

जानेवारीत दुसरी गोष्ट कळली. मागे सायकलचा रॅक लावला होता आणि गाडी चार इंच कमी आत गेली होती. रिमोट दाबला, दार खाली यायला लागलं आणि सरळ रॅकवर टेकलं. टेकल्यावर उलटं फिरलं, पण तोवर रॅकचा पाइप वाकला. अमेरिकेत १९९३ पासून बनलेल्या ओपनरला दाराच्या दोन्ही बाजूंना डोळे (मध्ये काही आलं की दार थांबवणारे किरणांचे सेन्सर) किंवा तशीच दुसरी सोय लागते, आमच्याकडे डोळे आहेत. मग डोळ्यांना दिसलं कसं नाही? कारण ते जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर असतात. मागचं चाक आत, शेपूट दारात, किरण गाडीच्या खालून आरामात आरपार. सेडानवाल्यांना हा प्रश्न सहसा येत नाही. मी आता जमिनीवर एक लाकडी पट्टी ठोकलीय, चाक तिला टेकलं की शेपूट आत. ओपनरची लाल दोरीही (अडचणीत दार मोटरपासून सोडवायची) छतावर घासत होती, ती वळवून बाजूला अडकवलीय, हाताला येईल अशीच.

एप्रिलमध्ये मत जरा फिरलं. पॉप-टॉपचं कापड ओलं असताना बंद करायचं नसतं, हे सगळे सांगतात. पण गराजमध्ये छत उघडता येत नाही, वर दाराचे रूळ. म्हणजे पावसातून आलो की ड्राइव्हवेत छत उघडून कापड वाळवायचं. आमच्याकडे असं छत उघडं ठेवून मी दोन दिवस उन्हाची वाट बघितली, आणि तिसऱ्या दिवशी एचओएचं पत्र. त्यात फोटो. फोटोत माझी लुंगीही दिसत होती. पुढच्या वेळी घाईने बंद करून आत लावली, तर आठ दिवसांत कापडाच्या घडीत काळे ठिपके. व्हिनेगरने पुसले, गेले, वास राहिला. सप्टेंबरात मी पाच स्टार दिले असते (उंची सोडून), आता गराजमध्ये राहणाऱ्या पॉप-टॉपला मी तीन देईन.

आता गेला रविवार. मेमध्ये टायर बदलले. दुकानात एक साइज मोठे स्वस्तात होते, चार टायरांवर ११० डॉलर वाचले. व्यासात एक इंच मोठे. मी गणित करणारा माणूस, पण त्या दिवशी ११० चा आकडा डोळ्यांपुढे होता, आणि एक इंच व्यास म्हणजे अर्धा इंच उंची हे डोक्यात आलंच नाही. बोटभर जागेतली अर्धी तिथेच गेली.

जाताना काही झालं नाही. कारण टाकी भरलेली (वीस गॅलन म्हणजे १६७ पौंड), सामान भरलेलं, चौघं आत. गाडी बसलेली होती. येताना टाकी रिकामी केलेली, खाणं संपलेलं. आणि दारापाशी आल्यावर घरचे तिघे खाली उतरले. का? तर वर लागत नाही ना ते बघायला! तिघांचं मिळून चारशे पौंडांच्या आसपास वजन उतरलं, मागची स्प्रिंग सैल झाली, गाडी वर आली. वर मागची चाकं गटाराच्या जाळीवरून जाताना एक हलकी उडी. आणि कट्‌.

धाकटी म्हणाली, “आम्ही उतरलो नसतो तर लागलं नसतं.” बरोबर आहे तिचं. रात्री दहाला हे ऐकायला बरं वाटलं नाही.

सोमवारी मी रजा घेतली आणि पॅनेल काढलं. ब्रॅकेटसकट. आठ स्क्रू, भोकांना सीलंट. गाडी नव्या टायरांवर मोजली, साडेएकोणऐंशी. दारात आता उताराचं गणित धरून तीन इंच उरतात. नऊ महिने मी ज्या पाऊण-एक इंचासाठी जीव टांगला होता, त्याच्या तिप्पट जागा मला पाना घेऊन पंचवीस मिनिटांत मिळाली. आणि हे पॅनेल करत काय होतं? गाडी महिन्यातले चोवीस दिवस गराजमध्ये, अंधारात. बॅटरी भिंतीच्या सॉकेटवर. सहलीला गेलो की झाडाखाली, कारण उन्हात झोपवत नाही. गेल्या नऊ महिन्यांत त्याने जेवढी वीज केली असेल तेवढ्यात आमचा मिक्सर दोन-चारदा चटणी वाटेल. त्यासाठी दाराचा स्क्रू, ९५ डॉलर, एकोणीस ईमेल, आणि काचेचा तडा.

हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पण ते पॅकेजमध्ये आलं होतं, पैसे भरले होते, आणि पैसे भरलेली वस्तू काढून ठेवणं आमच्या घराण्यात नाही. आता जमिनीवर उलगडून ठेवायचं घडीचं पॅनेल बघतोय, सेल लागला की.

विसावी ईमेल काल आली. कन्व्हर्टर म्हणतो, पॅनेल परत पाठवलं तर ‘सदिच्छा म्हणून’ साठ डॉलर देऊ, पण शिपिंग तुमचं, आणि छताची भोकं तुम्ही स्वतः बंद केल्यामुळे छताची वॉरंटी गेली. पॅनेलचं वजन एक्केचाळीस पौंड आहे. शिपिंगचा भाव काढला, चौऱ्याऐंशी डॉलर. सध्या ते गराजच्या भिंतीला टेकवून ठेवलंय आणि त्यावर बायकोने छत्र्या वाळत घातल्यात.