शेततळ्यासाठी 500 मायक्रॉनचा कागद : एका मोसंबी बागायतदाराचा अभिप्राय
जालना तालुक्यातील आमच्या मोसंबीच्या बागेसाठी खोदलेल्या शेततळ्यात 500 मायक्रॉन (अर्धा मिलिमीटर) जाडीचा विणीव एचडीपीई कागद, म्हणजे प्लास्टिकचे अस्तर, अंथरला, त्याला आता काही उन्हाळे उलटले आहेत. तळे वरून 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल आणि बाजूंचा उतार एकास एक असे आहे. ते पूर्ण भरले की सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते, आणि कडा चरात पुरण्यापुरता भाग धरून कागद जवळपास 1,150 चौरस मीटर लागतो.

कागदाविषयी तक्रार नाही. आमच्या मुरमाड रानात अस्तराशिवाय पाणी ठरणे शक्यच नव्हते. कागद पडल्यापासून पाझर बंद झाला. मात्र अंथरण्यापूर्वी तळातील व बाजूंचे टोकदार दगड वेचून वर बारीक मातीचा थर दिला पाहिजे, कारण पाण्याच्या वजनाखाली एक खडासुद्धा कागदाला भोक पाडू शकतो. आमची अडचण वेगळीच निघाली. दुकानदाराने पाठवलेल्या माणसांनी जोड घाईत चिकटवले, त्यातील एक कोपऱ्यात उकलला, आणि दुरुस्तीसाठी फोन केल्यावर दुकानदार वायदे करीत राहिला. म्हणून भाव ठरवताना तो जोडणीसह ठरवावा आणि तळे भरण्यापूर्वी प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा. काठावरचा उघडा कागद उन्हाने लवकर कडक होतो, तेथे माती टाकणे बरे. कुंपणाचा खर्च टाळू नये: पाण्यासाठी आलेला रोही (नीलगाय) आत घसरला, तर खुरांनी कागद फाटतोच, शिवाय ओल्या कागदावरून माणसालाही वर चढता येत नाही. आम्ही चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडून ठेवले आहेत.

विक्रेते ज्याविषयी बोलत नाहीत ती गोष्ट बाष्पीभवनाची आहे. कागद जमिनीत मुरणारे पाणी अडवतो, आकाशात जाणारे नाही. मे महिन्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडाले, तर भरलेल्या तळ्यातून रोज 9,000 लिटर पाणी कोणत्याही झाडाला न मिळता जाते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न तळे कशाने भरायचे हा आहे. शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्याची होती, आणि 2016 मध्ये आलेली ‘मागेल त्याला शेततळे’ योजनाही त्याच हेतूची होती. प्रत्यक्षात आमच्या भागातील अनेक तळी पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्यात विहिरी व बोअर उपसून भरली जातात. आपल्या बेसॉल्ट खडकात पाणी साठण्यास जागाच थोडी, त्यामुळे एकाच्या तळ्यात चढलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून कमी होते आणि वर उन्हात उडू लागते. ज्याच्याकडे कागदाचे पैसे आहेत त्याने सर्वांचा साठा आधी उचलून घ्यावा, असा हा व्यवहार झाला आहे, आणि त्यात आम्हीही आहोत.

याचा दोष केवळ बागायतदाराच्या हावेला देता येणार नाही. ज्वारी-कापसावर घर चालेना म्हणून लोक मोसंबीकडे वळले. ज्वारीचे एक वर्ष बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते, पण बाग वाळली की अनेक वर्षांची मेहनत आणि कर्ज दोन्ही अंगावर येतात. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात तसे झाले. कालव्याचा आधार म्हणावा, तर जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरकडे जातो, आमच्या शिवारात येत नाही. त्या धरणावर छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांचे पिणे आणि औद्योगिक वसाहतीही अवलंबून आहेत, आणि वर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद तुटीच्या वर्षी ठरलेलाच. पिण्याला पहिला हक्क असणे योग्यच आहे. पण टंचाईत कात्री लागते ती प्रथम शेतीच्या पाण्याला, हे ठाऊक असलेला शेतकरी स्वतःचा साठा करणारच.

तेव्हा, ज्यांच्या शेतात ओघळ किंवा नाल्याचे पाणी वळवता येते आणि आत येण्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा करता येतो, त्यांनी हा कागद अवश्य घ्यावा. केवळ विहिरीच्या भरवशावर तळे भरणार असाल, तर तेच पैसे आधी ठिबकवर आणि झाडांच्या आळ्यातील आच्छादनावर घालावेत, आणि विहिरीचे पाणी लागेल तेव्हाच उपसावे.